तांडेलाचं ‘व्हय’

ऐंशीच्या दशकात माझी शेवटची पोस्टिंग पुण्यातल्या एका दोन खोल्यांच्या ऑफिसात झाली. मी हवालदार क्लार्क. लष्कराच्या एका पुरवठा खात्यावर नजर ठेवायची, एवढंच त्या ऑफिसचं काम. बोटी, दोर, लाइफ जॅकेट हे सगळं ते खातं पुरवायचं. त्यांच्या सामानामुळे कुणी मेलं, तर खातं स्वतःची चौकशी करायचं आणि त्यानंतर आम्ही जायचो. आमचा रिपोर्ट खात्याकडे न जाता थेट दिल्लीला जायचा.

आमचे साहेब निवृत्त न्यायाधीश, नागपूरकडचे. लष्करात आमचं कोण स्वागत करणार? मेसमध्ये आम्ही शिरलो की बोलणी थांबायची. साहेब तिथला चहाही घेत नसत. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, म्हणून आपली पोळी आपण न्यायची, असं म्हणायचे. थर्मास अर्थात मी उचलायचा.

त्या महिन्यातली आमची ती तिसरी चौकशी होती. मालवण किनाऱ्यावर सरावात एक असॉल्ट बोट उलटली होती. रेडिओ लॉगमध्ये सकाळी १०.४०ची नोंद होती : “बोट उलटली. पाच दिसतात. एक मिसिंग. ओव्हर.” मिसिंग होता नायक आत्माराम, कणकवलीच्या आतल्या गावचा, भातशेती करणाऱ्या घरातला. खात्याचा निष्कर्ष असा, की त्याने जॅकेटची दोरी बांधली नव्हती. मृत्यू स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.

साक्ष मालवणच्या कॅम्पातच घेतली. लष्कराबाहेरचा साक्षीदार एकच, तिथला मच्छीमार भिकू तांडेल. स्वतःची होडी घालून त्यानेच आत्मारामला पाण्यातून काढलं होतं. वय सत्तरीच्या पुढे. टोपी काढून तो मांडीवर ठेवून बसला. मी खात्याचं निवेदन मराठीत वाचायचं आणि त्याचं उत्तर टाइप करायचं, असं ठरलं. साहेब ऐकत होते. खात्याचे मेजर बाजूला बसले होते.

“बोट सुस्थितीत होती.”

“व्हय.”

“सर्वांना जॅकेटं दिली होती.”

“व्हय.”

“नायक आत्माराम यांनी दोरी बांधली नव्हती.”

“व्हय.”

मी प्रत्येक वाक्यापुढे ‘होय’ टाइप केलं. अकरा वाक्यं, अकरा ‘होय’. कणकवलीहून चारची एसटी गाठायची होती आणि माझं सगळं लक्ष तिच्यात होतं. तांडेलाचा अंगठा घेतला. मेजरसाहेबांनी घड्याळ पाहिलं. मी मशीनवर झाकण घातलं.

तांडेल काही उठेना.

“तुझा वाचून झाला मां?” त्याने मला विचारलं. “आता माझा ऐकतलस?”

मी झाकण परत काढलं. मी याच मुलखातला, जामसंड्याचा. देवळात गाऱ्हाणं घालताना दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणत मोठा झालेला. तरी विचारलं, “तांडेलानू, मगे व्हय व्हय कित्याक म्हटलास?”

“तू वाचीत होतस. मोटो माणूस बोलता तेव्हा व्हय म्हणूचा नाय? गप ऱ्हवलंय तर ता बरा दिसता?”

त्याचं ते व्हय म्हणजे नुसता हुंकार होता. ऐकतोय, पुढे बोल. साहेब नागपूरचे, त्यांना ते कळणं कठीण. मला कळायला हवं होतं आणि मीच एका मेलेल्या जवानाच्या कपाळी निष्काळजीपणा टाइप करून मोकळा झालो होतो. तेवढी लाज मला नोकरीत दुसऱ्यांदा वाटली नाही.

मी उभा राहून साहेबांना सगळं सांगितलं.

मेजर म्हणाले, “सर, स्टेटमेंटवर अंगठा झालाय.”

“अंगठा कागदावर आहे,” साहेब म्हणाले. “माणूस अजून समोर बसलाय. हवालदार, नवा कागद.”

तांडेल सांगू लागला. “दोरी बांदलेली होती. गाठ भिजान सुटना, म्हणान सुरयेन कापलंय. जाकीट दगडासारख्या जड झालेला. त्येनाच पोरगो खाली गेलो.”

साहेबांनी खात्याच्या त्याच स्टोअरमधलं एक जॅकेट मागवलं आणि आवारातल्या टाकीत टाकलं. वेळ २.३०. आम्ही सगळे काठाशी उभे राहिलो. २.५०ला जॅकेट तळाशी होतं. चारची एसटी गेली.

रिपोर्ट दिल्लीला गेला. पाच महिन्यांनी खात्याचं पत्र आलं. तसली सगळी जॅकेटं मागे घेतली होती. शिक्षा कुणालाच झाली नाही. आत्मारामवरचा ठपका मात्र निघाला. असल्या कामात पदरात एवढंच पडतं, आणि त्यासाठीही माणूस थकून जातो.

ते पत्र मी रजेत आत्मारामच्या आईकडे नेलं. ती काजू वाळत घालत होती. हात पुसून बसली. म्हणाली, “वाच.”

मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेलो. ती दर वाक्याला “व्हय” म्हणत होती.

“नायक आत्माराम यांनी दोरी नीट बांधली होती. त्यांची कोणतीही चूक नव्हती.”

व्हय आलं नाही. मी थांबलो. तिने पदर तोंडाशी धरला होता. म्हणाली, “ता परत वाच.”

मी परत वाचलं.