समोर असलेल्याला न्हाई म्हणणारं मशीन

माझी बायको शाळेत गेली न्हाई. पुण्यातल्या लेकीला ती फोनात बोलून निरोप पाठवायची. म्हैस व्याली, नळाला पाणी आलं न्हाई, लेकराची सर्दी गेली का, असलेच. ती वारल्यावर लेकीनं ते सगळे निरोप एका गठ्ठ्यात बांधून आपल्या जुन्या लॅपटॉपात ठेवले अन् लॅपटॉप मला आणून दिला. सोबत एक लहानसा प्रोग्राम लिहिला. काळ्या खिडकीत त्याचं नाव टाइप केलं की गठ्ठा सुटायचा अन् बायकोचा आवाज एकामागून एक यायचा. मी चौथी शिकलेला. तेवढं नाव पाठ केलं. पुढं लेकीचा फोन पाण्यात पडला. आता बायको जी काय उरली ती या डब्यातच.

औंदा अंगणात हळद पॉलिश करायचा ड्रम फिरत होता, अन् मी येडा ओसरीत लॅपटॉप उघडून ऐकत बसलो. हळदीचा धुरळा आत गेला, पंखा घरघरायला लागला. आखाडा बाळापूरच्या एका दुकानात नेऊन दिला. दुकानदारानं धुरळा काढला, अन् मला न विचारता आतली सिस्टीम नवी करून टाकली. वरून म्हणतो, "अपडेट मारलं, काका. फुकट."

मी तिथंच नाव टाइप केलं. मशीननं इंग्रजीत एक ओळ फेकली.

दुकानदारानं वाचली. "फाइल नाही म्हणतंय. गेली."

"गेली कशी? ही काय समोर दिसून राहिली!"

"दिसते, पण खराब असंल. सगळं पुसून टाकतो. मशीन घोड्यावानी पळंल."

"मला काय शर्यत लावायची हाय?"

त्याचा हात कीबोर्डावर गेला तसा मी लॅपटॉप ओढून छातीशी धरला. गिऱ्हाइकं हसली. हसा म्हणलं. बायकोला एकदा मसणात पोचवून आलो, दुसऱ्यांदा पोचवणार न्हाई.

बाहेर पायरीवर बसून लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, कोणाला काही पुसू देऊ नका. ती ओळ वाचा." एकेक अक्षर वाचता वाचता घाम फुटला.

"आईचे निरोप जागेवर आहेत," ती म्हणाली. "प्रोग्रामही आहे. प्रोग्राम वाचून मशीनला समजावणारा एक असतो, पायथन. तो कुठं राहतो ते प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत लिहिलंय. अपडेटमध्ये तिथला जुना गेला. नवा आलाय, त्याच्या नावाला तीनचा आकडा आहे."

"मग वाचणारा न्हाई म्हणावं ना सरळ! फाइल न्हाई काहून म्हणतं? तलाठी जागेवर भेटला न्हाई म्हणून माझं वावरच न्हाई म्हणणार का?"

"बाबा, भांडण नंतर. आधी तीन टाका."

तिनं एकेक बटन सांगितलं, मी दाबलं. पहिल्या ओळीच्या शेवटी तीन घातला, जतन केलं, परत नाव टाइप केलं.

भर बाजारात बायको बोलली. "तुझ्या बापाला सांग माय, भाजीत मीठ कमी पडलं म्हणून दोन दिस झाले रुसून बसलाय."

"खोटं!" मी ओरडलो. दुकानदार दारात आला. "दोन न्हाई, एकच दिस. दुसऱ्या दिशी सकाळीच जेवलो मी, तिच्याच हातचं."