कोथिंबिरीला न ओढणारं इंजिन

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली पहिली मीच, तेही मेकॅनिकल, नांदेडच्या विष्णुपुरीला राहून. पण घरात मला विचारायचे ते फक्त मिक्सर बिघडल्यावर. त्यामुळं पिकअप गाडीची ताकद कशी वाढवायची, हे वडिलांनी, म्हणजे अण्णांनी विचारलं तेव्हा मी जरा ताठच बसले.

जळकोटहून नांदेडला कोथिंबीर नेताना आमची गाडी चढाला धापा टाकायची. मागून मामाची तसलीच गाडी हॉर्न मारत पुढं जायची. लिलाव हुकला की कोथिंबीर म्हशीपुढं.

वाटेवरच्या लोहा गावच्या मिस्त्रीनं मोठा टर्बो सुचवला. काका म्हणाले, डिझेल जास्त सुटू द्या. शेजाऱ्यानं मोबाईलवर दाखवलं, लॅपटॉप जोडून इंजिनाचा प्रोग्रामच बदलतात. अण्णांना तिन्ही पाहिजे होतं.

"तिन्ही केलं तर आधी क्लच जाईल, मग इंजिन," मी म्हणाले.

"मग तू काय बसवती?"

"काही न्हाई. काढते."

आमच्याकडं नवी गाडी शोरूममधून थेट वेल्डिंगवाल्याकडं जाते, लेकराला टोपडं घालावं तशी. पुढं लोखंडी जंगला, धडकला तर बैलच मरावा असा. टपावर कॅरिअर, त्यावर कधी पिशवीसुद्धा ठेवलेली नाही. मागं ऊस भरायची उंच जाळी. ऊस आम्ही लावत नाही. एअर फिल्टर झटकला तर वाटीभर माती पडली.

"अण्णा, इंजिन कोथिंबीर वढून न्हाई राहिलं, लोखंड वढून राहिलंय."

"उघडी दिसल की गं माय. लोक म्हणतील, इकायला काढली."

शेवटी एका खेपेपुरतं काढायचं ठरलं. फिल्टर नवा घातला.

चढाला मामाची गाडी पुढंच होती. अण्णा गिअर न बदलता तिच्या बरोबरीला गेले, खिडकीतून "या निवांत" म्हणाले आणि निघून गेले. लिलावात आमची कोथिंबीर पहिली लागली.

"पोरीनं कम्प्युटर बसवलाय," अण्णा बाजारभर सांगत होते. मी तोंड उघडलं की डोळे वटारायचे.

मामानं मला बाजूला घेतलं. "आमच्याबी गाडीला बसव की."

"मामा, तुमचा जंगला काढा आधी."

"सांगायचं नसल तर नको सांगू," मामा फुगले.

परत येताना अण्णा लई खुशीत. लोह्याला वेल्डिंगच्या दुकानापुढं गाडी हळू केली.

"आता ताकद आलीय गाडीत," ते म्हणाले. "आता जंगला बसवाय काय हरकत हाय?"