सुईवर राहिलेला गळा

"सैल सोड."

असं म्हणत ती माझ्या बोटाला आवळून बसलेला लोकरीचा वेढा स्वतःच्या हातानं सोडवायची. बोटावर लाल वळ उमटलेला असायचा. तो अंगठ्यानं चोळत म्हणायची, "दोरा काय पळून चाललाय व्हय? लय आवळतीस बघ."

उंब्रजला मी तिच्या घराच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहत होते. ऊसतोड बायकांच्या संघटनेचं काम करायला इस्लामपूरहून आले होते. आमच्या घरी देव्हाऱ्याच्या जागी पत्रकांचे गठ्ठे होते. वडिलांच्या पत्रकांवरच मी वाचायला शिकले, त्यामुळे प्रत्येक वाक्य मागणीनंच संपतं असं मला बरीच वर्षं वाटायचं.

तिला सगळं गाव काकी म्हणायचं. पहिल्याच संध्याकाळी मी काकीला ऐकवलं, की बायकांच्या हातात सुया देऊन त्यांना घरात बसवून ठेवलं गेलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बोल की. पण बोलताना हात रिकामे कशाला?" आणि दोन सुया माझ्या हातात दिल्या.

चहूकडं ऊस, उन्हाळा अंगाची लाही करणारा, अशा गावात लोकर विणणारी बाई म्हणजे चेष्टेचा विषय. शेजारीण कुंपणावरून विचारायची, "आवं काकी, यंदा म्हशीला स्वेटर का?"

"म्हस बरी," काकी मान वर न करता म्हणायची. "माप घेताना गप उभी ऱ्हाती."

काकीचा नवरा फौजेत होता. लग्नानंतर थोडी वर्षं ती त्याच्याबरोबर फॅमिली क्वार्टरमध्ये राहिली. तिथं एका पहाडी शेजारणीनं तिला विणायला शिकवलं. म्हणून काकीचं बाकी सगळं बोलणं उंब्रजचं, पण टाके मात्र हिंदीत. "एक सीधा, एक उलटा. आता फिरव की गं."

माझा पहिला मफलर प्रत्येक ओळीला रुंद होत गेला. कडेचा टाका मी नकळत दोनदा विणत होते. काकीनं तो हातात धरून पाहिला. "मफलर हाय का उसाचा ट्रॅक्टर? सगळा रस्ता अडवलाय." तिनं तो उसवला, लोकर गुंडाळून परत माझ्या मांडीवर टाकली. रागावली नाही. उसवताना कधीच रागवायची नाही.

तुम्ही तिच्यासमोर बसला असतात, तर एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असती. घर हायवेलगत होतं. ट्रक, ट्रॅक्टर, गाड्या सारख्या जायच्या, काकीच्या सुया चालू राहायच्या. पण समोरच्या थांब्यावर एसटी थांबली, की सुया थांबायच्या. दार आपटायचं, कंडक्टरची घंटी वाजायची, एसटी निघून जायची. मग सुया पुन्हा चालू. ती मान वर करायची नाही. फक्त हात थांबायचे.

तिचा नवरा डोंगरावर होता तेव्हा बर्फाचा कडा कोसळला. बाकीचे सापडले, तो सापडला नाही. ही माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. काकीच्या कपाळावर कुंकू होतं. विधवांच्या रूढीविरुद्ध ही बाई एकटी लढते आहे, असं समजून मी एकदा तिचं तोंडभर कौतुक केलं. ती माझ्याकडं बघतच राहिली. "लढती कसली गं? ते हायेत की."

शाळेच्या भिंतीवर गावातल्या गेलेल्या जवानांचे फोटो होते. त्यात त्याचाही लावू द्या, म्हणून तिचे दीर दरवर्षी विचारायचे. ती नाही म्हणायची, आणि त्यांना चहा द्यायची.

माझं रक्त तापलं. शोध का थांबवला, याचं लेखी उत्तर मागणारं पत्रक मी लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. तिचे हात थांबले. बाहेर एसटी नव्हती.

"छापू नको."

"का काकी? उत्तर मागायचा हक्क आहे तुमचा."

"आन् आलं तर?"

मी पत्रकाची घडी घातली.

तिनं मला टाके घालायला शिकवलं, वाढवायला, घटवायला, निसटलेला टाका उचलायला शिकवलं. फक्त शेवटी टाके बंद कसे करायचे ते शिकवलं नाही. माझा मफलर खाटेवरून खाली उतरला, तरी संपेना. विचारलं की म्हणायची, "बंद करायचं मला येत न्हाई."

त्याचं कारण मला कपाटात दिसलं. खाकी रंगाचा पूर्ण विणलेला स्वेटर, आणि त्याच्या गळ्याचे टाके अजून सुईवर. क्वार्टरमधल्या बायकांची रीतच होती ती, काकीनं सांगितलं. माणूस वर चढला, की त्याच्यासाठी नवा स्वेटर विणायचा, पण गळा उघडा ठेवायचा. तो सुट्टीवर आला, की त्याच्यासमोर बसून बंद करायचा. पावसाळ्यात सुई गंजायची. मग काकी नवी सुई घेऊन एकेक टाका तिच्यावर सरकवायची. विणायची नाही, नुसती सरकवायची.

शेवटी मी मोबाईलवर बघून मफलर बंद केला आणि मोठ्या तोऱ्यात तिला दाखवला. तिनं कडेवरून बोट फिरवलं. "लय घट्ट झालं," एवढंच म्हणाली. त्या दिवशी तिनं सुया हातात घेतल्या नाहीत.

गेल्या थंडीत काकी गेली. तोवर मी इस्लामपूरला परतले होते. सकाळी मी पोचले तेव्हा अंगण भरलेलं होतं. कुंकू तसंच होतं. दीर तो स्वेटर घेऊन माझ्याजवळ आले. आता म्हातारे झाले होते.

"तू शिकलीस न्हवं तिच्याकडं? एवढा गळा बंद कर. वैनीच्या अंगावर घालू. दोघांचंबी आता हून जाऊ दे."

मी स्वेटर मांडीवर घेतला. त्यांनाही भावासाठी रडायचं राहून गेलं होतं, हे मला दिसत होतं. पहिले दोन टाके विणले, की पहिला दुसऱ्यावरून ओढून टाकायचा, एवढंच काम. मी सुई धरली.

थांब्यावर एसटी थांबली. माझे हात थांबले. दार आपटलं, घंटी वाजली, एसटी गेली.

"बंद करायचं मला येत नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या गळ्यातल्या मफलरकडं पाहिलं. दोन्ही टोकं घट्ट बंद होती. ते स्वेटरवरून एकदा हात फिरवून म्हणाले, "मग तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे."

स्वेटर आता माझ्या घरी आहे, पत्रकांच्या गठ्ठ्याशेजारी. या पावसाळ्यात सुई गंजली. मी नवी आणली आणि खिडकीशी बसून एकेक टाका सरकवत गेले, सैल हातानं.