आखाजीला न विकलेली जीप

आमच्या ह्यांचं नाव झुंबर. नाव ऐकून लोकांना वाटतं, माणूस कसा झगमगीत असेल! कसलं काय? उंच, काळा, वाकलेल्या खांद्यांचा, आणि तोंडातून शब्द काढायचा म्हणजे जिवावर आलेलं. अशा माणसानं सिल्वासात पंधरा वर्षं जीपगाड्या विकल्या हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. मी त्यांची बायको, पण मलाही ते पुरतं कधी कळलं नाही.

आम्ही धुळ्याकडचे, साक्री तालुक्यातले. तिथं हे एका जंगल ठेकेदाराची जीप चालवायचे. त्र्याऐंशी साली वापीच्या एका शेठनं सिल्वासात जीपचं दुकान टाकलं आणि ह्यांना ड्रायव्हर म्हणून बोलावलं. सहा महिन्यांत ड्रायव्हरचे सेल्समन झाले, कारण शेठच्या सेल्समनपेक्षा ह्यांच्याच हातून गाड्या जास्त खपायला लागल्या. तो सेल्समन टाय बांधून बडबड बडबड करायचा. हे बोलायचेच नाहीत.

ह्यांची पद्धतच निराळी. गिऱ्हाईक आलं की त्याला गाडीत घालून खानवेलच्या बाजूला न्यायचे. डांबर संपलं, पुढं नुसते दगडगोटे आणि नदीचं पात्र दिसलं, की खाली उतरायचे, किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे आणि स्वतः जाऊन मागच्या बाकावर बसायचे. "घाला पाण्यात," एवढंच म्हणायचे. गिऱ्हाईक घाबरत घाबरत गाडी पाण्यात घालायचं, पलीकडच्या चढावर काढायचं आणि वर पोचलं की लहान पोरासारखं हसायचं. मग परतताना हे आपलं एकुलतं एक वाक्य बोलायचे. "साहेब, एक तारखेला भाव वाढतोय." झालं! गिऱ्हाईक दुकानात शिरल्याबरोबर खिशाला हात घालायचं.

आणि भाव वाढायचाच हो. ह्यांचा शब्द कधी खोटा पडला नाही. तेव्हा गाडी बुक केली तरी हातात यायला महिनेच्या महिने लागायचे. मसाटला कारखान्यांचे पत्रे चढत होते, तिथं चिखलात बैलगाडीसुद्धा रुतायची. खेरडीकडचे जमीनवाले, जंगलाचे ठेकेदार, मोजणीचे साहेब, सगळ्यांना जीपच लागायची. लोक ह्यांना रस्त्यात अडवून विचारायचे, "झुंबरभाऊ, आमचा नंबर कधी?" मला बाजारात भाजीवाली जास्तीची कोथिंबीर द्यायची, म्हणे तुमच्या मालकांना आमच्या जमीनवाल्या शेठच्या नंबरचं सांगा. मी पण काय ताठ्यात चालायचे तेव्हा!

मग कुठं काय बिघडलं, देव जाणे. एक्क्याण्णव-ब्याण्णवनंतर भाव वाढतच राहिला, पण माणसं यायची थांबली. आधी वर्षाला एकदा वाढायचा, मग सहा महिन्याला वाढायला लागला. गाडी तीच. बोनेट तेच, सीट तीच, पाठीला हादरे तेच. हे रात्री जेवताना ताटाकडे बघत बसायचे आणि म्हणायचे, "मंजुळा, मागणी असली की भाव वाढतो ना? मग मागणी नसताना का वाढतोय?"

मला काय विचारता? मी खाणावळवाली बाई. मसाटच्या कारखान्यातली खानदेशातली पोरं आणि दोन-तीन पुण्या-नाशकाचे इंजिनियर माझ्याकडे दोन वेळ जेवायचे. तेल महागलं की मी जेवणाचे पैसे वाढवायची. पोरं चार दिवस कुरकुरायची, "मावशी, लुटता का काय?" आणि पाचव्या दिवशी ताटावर बसायची. म्हणून मी ह्यांना म्हणायचे, "वाढू द्या की. लोक बोंबलतात आणि घेतात." हे मान हलवायचे. "पोट वेगळं आणि जीप वेगळी," म्हणायचे. पण कशी वेगळी ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

आमच्याकडे पराग नावाचा पुण्याचा इंजिनियर जेवायला असायचा. एकदा ह्यांनी त्यालाच विचारलं. त्यानं पोळी बाजूला ठेवून चांगलं अर्धा तास समजावलं. लोखंड महागलं, धुराचे नवे नियम आले, त्यासाठी इंजिन बदलावं लागतं, डॉलर वर गेला. हे "हो, हो" करत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "साहेब, मग तुम्ही कुठली गाडी घेतली?" पराग जरा ओशाळला. त्यानं व्हॅन घेतली होती. "काय आहे झुंबरभाऊ," तो म्हणाला, "रस्ते आता चांगले झालेत ना."

त्या रात्री ह्यांना झोप आली नाही. रस्ते चांगले झाले ही आनंदाची गोष्ट की वाईट, हेच त्यांना ठरवता येईना.

अठ्ठ्याण्णवच्या होळीनंतर शेठ वापीहून आला. दुकानात तीन जीपगाड्या धूळ खात उभ्या होत्या. शेठ तसा वाईट माणूस नव्हे, पण त्याचंही कंबरडं मोडलेलं. म्हणाला, "झुंबरभाई, अखात्रीजपर्यंत एक तरी गाडी काढा. नाही निघाली तर मी तुम्हाला ठेवू शकणार नाही. खोटं कशाला बोलू?" गुजरात्यांची अखात्रीज म्हणजे आमची आखाजी, अक्षय तृतीया. त्या वर्षी ती एप्रिलच्या अगदी शेवटी आली होती आणि दोन दिवसांनी, एक मेपासून, पुन्हा भाव वाढणार होता.

पन्नाशीला टेकलेला माणूस, शिक्षण सातवी. ही नोकरी गेली तर जाणार कुठं? माझ्या खाणावळीवर काय होणार, वाटीभर वरण आणि पाण्याचा तांब्या. रोज कालिका मातेला हात जोडून म्हणायची, माय वं, एक गिऱ्हाईक पाठव.

आणि गिऱ्हाईक आलं. माझाच भाऊ!

अनंता माझ्या पाठचा. मसाटच्या सूत कारखान्यात होता. कारखाना बंद पडला तेव्हा बारा वर्षांच्या नोकरीचा सगळा हिशोब एकदम हातात आला. तो पैसा घेऊन तो माझ्याकडे आला. म्हणाला, "आक्का, जीप घेऊन पॅसेंजर मारावी म्हणतो. सिल्वासा ते खानवेल. दाजींच्या दुकानातूनच घेतो. तुला काय वाटतं?"

आता ऐका मी काय केलं ते. आठच दिवसांपूर्वी ह्यांनी मला जेवताना सांगितलं होतं की खानवेलच्या स्टँडवर पॅसेंजरच्या जीपा दुपारपर्यंत उभ्या असतात आणि ड्रायव्हर पत्ते खेळत बसतात. बस वाढल्या, लोक बसचीच वाट बघतात. एकानं तर दोन्ही गाड्या विकायला काढल्या होत्या आणि कुणी घेत नव्हतं. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी भावाच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "घे. विचार कसला करतोस? एक तारखेला भाव वाढतोय."

ह्यांचं वाक्य, पण माझ्या तोंडून. अनंता लगेच हो म्हणाला.

घरी सांगितलं तेव्हा हे नुसते बघत राहिले. मी म्हटलं, "असे काय बघता? नोकरी वाचली तुमची." मला वाटलं, आनंद झाला असेल. ह्यांचा आनंद आणि दुःख सारखंच दिसतं, कोण ओळखणार!

आखाजीच्या सकाळी मी ओवाळणीचं ताट घेऊन दुकानात गेले. शेठ पेढे घेऊन आला होता. निळ्या जीपला झेंडूचा हार घातलेला. अनंता पैशांची पिशवी छातीशी धरून, नवा शर्ट घालून उभा. शेठ म्हणाला, "चलो, शुभ मुहूरत छे, कागद करून टाकू." तेवढ्यात हे म्हणाले, "आधी एक चक्कर मारू. कुणालाही चक्कर मारल्याशिवाय मी गाडी दिली नाही." आणि अनंताला घेऊन खानवेलच्या वाटेला लागले.

मी आणि शेठ बसून राहिलो. ताटातलं निरांजन दोनदा विझलं, दोनदा लावलं. दीड तासानं गाडी आली. अनंता उतरला तो पिशवी घेऊन तडक बाहेर पडला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ह्यांनी किल्ली शेठच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "शेठ, ही गाडी काही गेली नाही." शेठनं कपाळाला हात लावला. मी ओवाळणीचं ताट तसंच उचललं.

घरी आल्यावर मी जे बोलले ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. "हाता-तोंडाशी आलेला घास! स्वतःच्या हातानं लाथाडला! परक्यांना पंधरा वर्षं विकल्या, सख्खा मेहुणा पैसे घेऊन उभा राहिला तर तुमचा हात आखडला?" हे खाटेवर बसून ऐकत होते. मी दमल्यावर मग हे बोलले. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"मंजुळा, रस्ता संपेल तिथं थांबायचं आणि किल्ली अनंताच्या हातात द्यायची, असं ठरवून निघालो. पण रस्ता संपेचना. खानवेलच्या पुढं गेलो तरी डांबर. आपण पाण्यात गाडी घालायचो तिथं पूल झालाय. जीप जिथं लागते ती जागाच मला सापडली नाही. मग त्याला दाखवू काय? भाव का वाढतो मला कळत नाही. गाड्या का खपत नाहीत तेही धड कळत नाही. जे मलाच कळेनासं झालंय ते एखाद्या परक्या शेठला विकता येईल, पुण्याच्या साहेबाला विकता येईल. अनंताला कसं विकू?"

मी म्हटलं, "आणि आपण खायचं काय?"

पंधरा दिवसांत नोकरी गेली. गंमत अशी, गंमत कसली मेली, दिवाळीच्या आधी शेठनं दुकानच बंद केलं. म्हणजे अनंतानं गाडी घेतली असती तरी नोकरी सहा महिन्यांपलीकडे टिकली नसती. माझ्या भावाची बारा वर्षं सहा महिन्यांच्या पगारासाठी जाणार होती. हे कळलं तेव्हा मी पोळपाटावर पोळी तशीच टाकून बसले. पण तेव्हा तरी मला ते कुठं माहीत होतं, असं मनाला सांगायची. मन ऐकायचं नाही.

हे पुढं दादऱ्याच्या एका कारखान्याची कामगारांची बस चालवायला लागले. अनंतानं खेरडीला पिठाची गिरणी टाकली. ती बरी चालली. वर्षभर तो आमच्याकडे फारसा आला नाही. गिरणी नवी, वेळ नसतो, म्हणायचा. मला वाटायचं, कळलंय त्याला. आपल्या आक्कानं आपल्याला विकायला काढलं होतं, हे कळलंय.

पुढच्या आखाजीला मात्र त्याचं बोलावणं आलं. आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे लेकींचा सण. दिवाळीला नाही गेली तरी चालेल, पण आखाजीला बाई माहेरी जाणारच. आई-बाप गेल्यापासून माझं माहेर म्हणजे अनंताची खोली. जावंसं वाटत नव्हतं, तरी ह्यांच्यासोबत गेले. भावजय रजनीनं खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या होत्या, आमरस होता. जेवणं चालू असताना अनंतानं माझ्या मांडीवर हिरवी साडी ठेवली आणि त्याचे डोळे एकदम भरले.

"आक्का, तुझे उपकार कसे फेडू? खानवेलला दाजींनी सगळं सांगितलं मला. शेठच्या धाकानं तू घे म्हणालीस, पण रात्रभर रडलीस आणि पहाटे तूच त्यांना म्हणालीस, नोकरी गेली तरी चालेल, माझ्या भावाला थांबवा. तू नसतीस तर मी रस्त्यावर आलो असतो गं. त्या दिवशी तुझ्याकडे बघितलं असतं तर शेठसमोरच रडलो असतो. म्हणून तडक निघालो."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खाली मान घालून पोळी आमरसात बुडवत होते. मी कधी रडले? कधी म्हणाले? मला लाज वाटली. खरं सांगून टाकावं असं शंभरदा जिभेवर आलं. आणि रजनी समोर कौतुकानं बघतेय!

परतताना ह्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून मी पाठीमागून विचारलं, "असं का सांगितलंत त्याला?"

हे पायडल मारता मारता, मागं न बघता म्हणाले, "मग काय सांगायचं होतं? आखाजीला तू गेली कुठं असतीस?"