रांगोळीतला संदेश

समोरच्या सुमनताई रोज सकाळी दारात रांगोळी काढायच्या. कधी वेल, कधी नुसतीच वळणं, मन भरेपर्यंत. मग सोसायटीने स्पर्धा घेतली. परीक्षकांनी त्यांना उत्तेजनार्थ बक्षीस दिलं आणि माइकवरून सुनावलं, "हात उत्तम आहे, पण सामाजिक संदेश हवा होता." झालं! तेव्हापासून त्यांच्या रांगोळीत रोज पाणी वाचवलं जातंय, झाडं जगवली जातायत. कुणी स्वतःच्या आनंदात दिसलं, की त्याला नंबर दिल्याशिवाय आपल्याला चैनच पडत नाही.

आज त्यांनी फार दिवसांनी एक सुरेख वेल काढली आणि लगेच फडक्याने पुसून टाकली.

"अहो, का पुसलीत?"

"छान आली होती हो," त्या म्हणाल्या, "पण त्यातून सांगायचं काय?"