रान जाळल्याचा अध्याय

माझ्या सासऱ्यांबद्दल कुणी वावगं बोललेलं मी ऐकून घेत नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. माझी जीभ तिखट आहे, मान्य. पण त्या जिभेला गावात मान मिळाला तो त्यांच्यामुळंच. म्हणून ही गोष्ट मीच सांगायला हवी.

त्यांचं नाव लालासाहेब. पलटणीत अठ्ठावीस वर्षं काढून सुभेदार म्हणून घरी आले, आता वय एकाहत्तर. आष्ट्याजवळ आमचं गाव, अडीच एकर ऊस. मी त्यांना मामा म्हणते. श्रावणात आमच्या देवळात महिनाभर रोज दुपारी पोथी असते. एकानं ओव्या वाचायच्या आणि दुसऱ्यानं त्यांचा अर्थ साध्या बोलीत सांगायचा. अर्थ सांगायला बावीस वर्षं मामाच. आवाज परेडचा, त्यामुळं माईक लागत नाही. वाचायला आमचे बांधशेजारी दादासो असायचे. चार वर्षांपूर्वी त्यांना पोथीतलं बारीक अक्षर दिसेनासं झालं आणि आता वाचणार कोण, असा पेच पडला.

मी विट्याकडची. वडील सोनं गाळायच्या धंद्यात, त्यामुळं माझं सगळं लहानपण तमिळ मुलखात गेलं. शाळेत मराठी नव्हतं. आजोबांनी मला अक्षरं शिकवली ती घरातल्या पोथीवर बोट ठेवून. त्यामुळं वर्तमानपत्र वाचताना मी अजून अडखळते, पण ओवी म्हटली की सुसाट. मामांनी हे घरात ऐकलं होतं. ते देवळात उभे राहिले आणि म्हणाले, "वाचायला आमची क्रांती बसंल." झाली कुजबुज सुरू. बाईमाणूस, त्यात सून, पोथीपुढं? मामा म्हणाले, "मग तुमच्यातलं कोण वाचतंय? या म्होरं." एक माणूस पुढं आला नाही. तेव्हापासून मी वाचते आणि मामा सांगतात. सासरा आणि सून शेजारी बसून पोथी सांगतात, असं दुसरं गाव मला तरी माहीत नाही.

या पोथीचा एक नियम आहे. एकदा लावली की अध्याय गाळायचा नाही. कसलाही असो, वाचायचा आणि सांगायचा.

तर त्यातल्या एका अध्यायात देव आपल्या धनुर्धारी मित्राला बरोबर घेऊन एक अख्खं रान अग्नीला देऊन टाकतो. दोघं दोन बाजूंना उभे राहतात. हरणं, साप, पाखरं, जे जे जीव घेऊन बाहेर पळतं, त्याला बाण मारून परत आगीत घालवतात. मामा दर वर्षी हा अध्याय दहा मिनिटांत उरकायचे. "रान म्हंजे आपल्यातला काम-क्रोध, आग म्हंजे ज्ञान," एवढं सांगितलं की लोक माना डोलवायचे. मीही डोलवायची, खोटं कशाला बोलू.

यंदाच्या मार्चमध्ये आमचा ऊस कारखान्याला गेला. तोडलेल्या बुडख्यांतून फुटणाऱ्या खोडव्याला पाणी द्यायची पाळी चार दिवसांवर आली आणि रानात उसाच्या वाळल्या पानांचं गुडघाभर पाचट. माझे मालक जयराज पलटणीत आहेत. ते फोनवर मामांना बजावत होते, "आबा, जाळू नका, यंत्रानं बारीक करून घ्या." पण यंत्राचा नंबर आठ दिवसांनी. मामा म्हणाले, "कुठवर थांबायचं? पेटवून टाकू." शेजारी दादासोंचा ऊस उभा होता. त्यामुळं आमच्याकडं करतात तसंच केलं. चारी कडांनी एकदम पेटवायचं, म्हणजे जाळ आतल्या आत सरकतो, शेजाऱ्याच्या उसात जात नाही. बांधावर माणसं लिंबाचे ओले डहाळे घेऊन उभी राहतात आणि ठिणगी बाहेर आली की झोडपतात. एका बांधावर मामा, एकावर दादासो, एकावर मी. चौथ्या अंगाला पाणंदीची वाट.

जाळ मध्यावर गेला तेव्हा धुरातून एक पिवळट जनावर उसळी मारून मामांच्या दिशेनं आलं. आमच्या भागात हल्ली उसात बिबट्या निघतो, डोक्यात तेच. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "मामाऽ, बिबट्या!" मामांनी डहाळा उगारला, आरोळी ठोकली. ते जनावर जागच्या जागी वळलं आणि परत जाळात शिरलं.

राख निवल्यावर आम्ही आत गेलो. रानमांजर होतं ते. एक पिल्लू तोंडात, तीन पोटाखाली.

मामांनी स्वतः खड्डा काढला. मला एका शब्दानं बोलले नाहीत. "ओरडलीस कशाला," एवढंसुद्धा नाही. दादासोंना फक्त म्हणाले, "माझ्या हातनं झालं."

त्या दिवसापासून मामांनी हात जोडणं सोडलं. देवळात जायचे, पण हात पाठीमागं बांधून उभे, परेडमध्ये विश्राम म्हटल्यासारखे. आषाढ संपत आला तसं मी विचारलं, "मामा, पोथीचं काय करायचं?"

"दुसरा सांगणारा बघा," ते म्हणाले. "रान जाळल्याचा अध्याय मला सांगाया येणार न्हाई, आन गाळता बी येत न्हाई."

"आवं, दर वर्षी सांगता की!"

"क्रांती, मी केलं ते वंगाळ हाय. मग देवानं केलं ते चांगलं कसं? आन देव जर माझ्यासारखाच असंल, तर मी हात जोडू कुणाला?"

सासूबाई गेल्या तेव्हा हा माणूस देवाच्या आधारानं उभा राहिला होता. आता या वयात त्यांचा देवच सुटला तर त्यांच्याजवळ राहणार काय? आणि मला भीती वाटली की आधी राग येतो, हा माझा स्वभाव. मी म्हणाले, "मग हेच देवळात सांगा! बावीस वर्षं गोड गोड सांगितलंत, यंदा कडू सांगा. का सुभेदार घाबरले?"

मामा उठून रानाकडं निघून गेले. पण श्रावणाच्या पहिल्या दुपारी टोपी घालून माझ्याआधी देवळात हजर.

बाराव्या दिवशी तो अध्याय आला. जनावरांना परत आगीत घालवतात त्या ओव्यांवर, सुसाट वाचणारी मी, दोनदा थांबले. कशीबशी शेवटाला आले. अर्थ सांगायची पाळी मामांची. लोक वाट बघायला लागले. दादासोंनी मदत करायची म्हणून सुरुवात करून दिली, "सांगा की सुभेदार. रान म्हंजे काम-क्रोध..."

"न्हाई दादासो," मामा म्हणाले. "रान म्हंजे रान. त्यात जीव हुते."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पाचट, चारी कडांचा जाळ, डहाळा, तोंडात पिल्लू. "मी तिला माघारी घालवलं," म्हणाले. माझं नाव कुठंच नाही. पाच महिने या माणसानं माझी चूक आपल्या पदरात घेतली होती आणि भर देवळातही घेत होता. मला राहवलं नाही. "आवं मामा, बास करा! हाळी माझी हुती. मी बिबट्या म्हणून वरडले म्हणून तुमी डहाळा उचलला." बोलता बोलता रडूच फुटलं मला.

मागून कोणीतरी पुटपुटलं, "एका मांजराचं काय एवढं?" मी नुसतं वळून बघितलं. पुन्हा आवाज आला नाही.

तेवढ्यात मनुबाई आत्या बोलल्या. त्या मामांच्या थोरल्या बहीण, ऐंशीच्या पुढं, आमच्याच घरी असतात. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. खांबाला टेकून वाती वळत पोथी ऐकायची, हा त्यांचा नेम.

"लाला," त्या म्हणाल्या, "देवानं त्या रानात काय केलं ते मला ठावं न्हाई रं. मी काय तितं नव्हती. पर पाच महिनं बगतीया, तू रातचा दारात बसून असतोस. त्या मांजरीपायी तुला झोपू कोण दीना? पलटणीनं शिकवलं व्हय हे? का आपल्या बापानं? आपला बाप दर साली पाचाट जाळायचा आन घोरत पडायचा."

लोक हसले. आत्या हसल्या नाहीत.

"मग आत कोणतरी हायच की. पोथीतला तुला पटंना तर ऱ्हाऊ दे. जो झोपू दीना, त्याला हात जोड."

मामांनी डोळे पुसले, मला म्हणाले, "फुडं वाच."

पुढं त्याच जळत्या रानातल्या एका पाखराची गोष्ट आहे. आरतीला उशीर होतो म्हणून दर वर्षी आम्ही ती भरभर वाचून टाकायचो. पंख न फुटलेली चार पिल्लं, त्यांच्याभोवती घिरट्या घालणारी आई. पिल्लं म्हणतात, तू जा, तू तरी जीव वाचव. जाळ जवळ येतो आणि त्या चौघांना वगळून बाजूनं निघून जातो. यंदा मी एकेक ओवी सावकाश वाचली. आरतीची वेळ टळून गेली तरी कुणी उठलं नाही.

मामा म्हणाले, "ज्यानं ही पोथी लिवली त्याला बी त्यो जाळ सोसला न्हाई बगा. एवढ्या आगीत चार पिल्लांपाशी थांबला. मला ह्या अध्यायाचा अर्थ लागलेला न्हाई. लागला म्हणून तुमाला बावीस वर्षं सांगितलं, त्याची माफी करा. पर पोथी मी सोडत न्हाई."

मग ते गाभाऱ्याकडं वळले. हात जोडले. आणि त्या परेडच्या आवाजात, सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं म्हणाले,

"देवा, मला झोपू दिलं न्हाईस. लय उपकार झालं."