दट्ट्या कोणी दाबला

साहेबांनी शाईचं पॅड माझ्यापुढे सरकवलं. "ए, अंगठा लाव इथं."

टेबलाभोवती औषध कंपनीचे तीन पाहुणे. त्यातल्या एका बाईंनी मान खाली घातली. साहेब त्यांच्याकडे बघून हसले. "शिकलेला नाहीये हो. समजून घ्या."

चौथी झालोय मी. इतकी वर्षं हजेरीबुकात रोज सही करतोय. साहेबांच्या डोळ्यांदेखत.

रबाळ्याच्या एमआयडीसीत आमची लॅब. सोनोग्राफीत हृदय नीट दिसावं म्हणून नसेतून एक औषध देतात. त्यात वायूचे बुडबुडे असतात, डोळ्याला न दिसणारे, प्रत्येकावर पातळ कवच. ते कवच किती ताठ, किती नरम, हे आम्ही मोजायचो. केसाहून बारीक काचेच्या नळीने बुडबुडा ओढून धरायचा, ओढ वाढवत न्यायची आणि कवच किती आत खेचलं जातं ते मायक्रोस्कोपखाली बघायचं. काच मशीन ओढायचं. पण नळीचं टोक तापवून गुळगुळीत करायचं काम माझं. दुसऱ्या कोणाच्या हाताला ते जमलंच नाही.

बाप मिठागरावर राबला. पाण्यावर मिठाची पहिली पातळ साय धरते, तिला धक्का लागू द्यायचा नसतो, हे मला पोरवयापासून ठाऊक. बुडबुडेही तसेच.

साहेब नवे आले तेव्हा त्यांच्या हातून नळीमागून नळी मोडायची. मी शिकवलं. बाटली हलकेच उलटीपालटी करा, बुडबुडे वर चढून बसतात. सुई जाड घ्या. सिरिंजचा दट्ट्या सावकाश ओढा, सावकाश दाबा. तेव्हा मी 'काका' होतो. माझ्या घरी तांदळाची भाकरी आणि सुकट खाताना "काकी, अजून वाढा" म्हणालेत हे गृहस्थ.

मग त्यांना घाई सुटली. हाताला लागेल ती बारीक सुई, आणि दट्ट्यावर जोर. मी म्हटलं, "सायेब, मोठे नरम सुईतच फुटतान. बारके ताठ तेवढेच उरतान."

"काका, मापं मस्त येतायत ना? मग कशाला टेन्शन घेता?"

पाहुण्यांनी तेच औषध आपल्या लॅबमध्ये मोजून बघितलं. जुळेना. आमच्या कागदावर कवच भलतंच ताठ. जाब विचारायला आले, तर साहेबांचा कागद टाईप करून तयार: 'नमुना मी चुकीच्या पद्धतीने काढला.' त्यातला 'मी' म्हणजे मी, साहेब नव्हे.

मला वाचता येत नाही, असं त्यांनी धरलं नव्हतं. वाचूनही हा गप अंगठा लावील, असं धरलं होतं. ते लागलं. अजून लागतं.

पॅड बाजूला सारलं. त्या बाईंना म्हटलं, "मॅडम, पेन द्या जरा."

साहेबांच्याच कागदावर लिहिलं. 'सुई बारीक होती. दट्ट्या साहेबांनी दाबला. मी अडवलं होतं.' खाली सही. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येईल असं आलं.

बाईंनी वाचलं, कागद आपल्या फायलीत ठेवला. साहेब मला म्हणाले, "गेटवर कार्ड जमा कर."

केलं.

दोन दिवसांनी साहेब पेढे घेऊन माझ्या ओटीवर उभे. "काका, गैरसमज झाला. नवा कागद करू. तुमची फक्त सही."

बायको खुर्ची घेऊन आली. मी म्हटलं, "ठेव आत. ते चाललेत." आणि त्यांना म्हटलं, "काका बोलू नका. काकाच्या अंगठ्याला कोन शाई लावत नाय."

पेढेही परत दिले.

औषध कंपनीने शुक्रवारी चौकशीला बोलावलंय. मी जाणार. भाषण मला येत नाही. एकाच बाटलीतून दोनदा औषध काढणार. एकदा जाड सुईने सावकाश, एकदा बारीक सुईने दाबून. मायक्रोस्कोपला डोळा त्यांनी लावायचा. नोकरी परत द्या, असं तोंडातून काढणार नाही. पण माझ्या नावावर लिहिलेली चूक, माझ्यासमोर, साहेबांच्या हातून खोडून घेणार. तोवर उठणार नाही.